रोलर ओढणारे हात

गेल्या हिवाळ्यात आमच्या मैदानावर आंतरवर्गीय क्रिकेटचे सामने ठरले, तेव्हा खेळपट्टी तयार करण्याचे काम आम्हा चार-पाच जणांच्या वाट्याला आले. मी काही खेळाडू नाही. संघात नाव नाही आणि मैदानापासून दूरही राहवत नाही, अशा मुलांना जे काम मिळते ते मला मिळाले. माणदेशातली माती कशी असते हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. आम्ही खडे वेचले, टँकरमधून उरलेले पाणी बादल्यांनी आणून मारले आणि मग दोन दिवस रोलर ओढला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळहात सोलवटलेले पाहून शारीरिक शिक्षणाच्या सरांनी सहज विचारले, की रोलर ओढता ओढता हिंदुस्थानातला पहिला मोठा गोलंदाज झालेल्या माणसाचे नाव माहीत आहे का. मला उत्तर देता आले नाही. बरोबरच्या कुणालाही आले नाही. सरांनी नाव सांगितले : बाळू पालवणकर.

ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले, याची मला नंतर लाज वाटली. क्रिकेटमधल्या जुन्या नावांपैकी रणजी, सी. के. नायडू, प्रा. देवधर ही नावे आपल्याला पाठ असतात, कारण त्यांच्या नावाचे करंडक आहेत. बाळू त्या सर्वांच्या काळाशी जोडलेले. तरी त्यांचे नाव मागे कसे पडले, या प्रश्नाने मी ग्रंथालयाची वाट धरली. बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल यांनी मराठीत 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिले, ते 1948 साली प्रसिद्ध झाले. अलीकडे, 2002 साली, रामचंद्र गुहा यांनी हिंदुस्थानी क्रिकेटचा सामाजिक इतिहास इंग्रजीत लिहिला आणि त्यात पालवणकर बंधूंना त्यांची जागा परत दिली. अशा वाचनातून जे चरित्र माझ्यापुढे उभे राहिले, ते माझ्या सहाध्यायांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

बाळूंचा जन्म 1876 च्या सुमारास धारवाडला झाला. घर चर्मकार समाजातले. वडील लष्करात नोकरीला होते आणि नोकरीपायी कुटुंब पुण्याला आले. पुण्याची छावणी म्हणजे त्या काळी क्रिकेटचे माहेरघर. गोरे अधिकारी खेळत आणि जुने झालेले चेंडू, मोडलेल्या बॅटी टाकून देत. त्या टाकलेल्या सामानावर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळ शिकले. शाळा फार झाली नाही. घरात पैसा हवा होता. बाळूंना पहिली नोकरी लागली ती पुण्यातल्या पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात. काम असे, की खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, आणि सदस्यांना सराव हवा असेल तेव्हा चेंडू टाकायचा. पगार महिना तीन रुपये.

1892 साली त्यांनी नोकरी बदलली. युरोपियनांच्या पूना क्लबात त्यांना महिना चार रुपये मिळू लागले. काम तेच, थोडे वाढीव. सरावाच्या जाळ्या लावायच्या, खेळपट्टीवर रोलर ओढायचा, रेषा आखायच्या, टेनिसची कोर्टे तयार करायची. एक दिवस एका गोऱ्या सदस्याने त्यांच्या हाती चेंडू दिला, आणि या पोऱ्याची गोलंदाजी काही वेगळी आहे, हे सर्वांच्या ध्यानात आले. बाळू डावखुरे होते. चेंडूची गती हळू, पण दिशा आणि टप्पा पक्का, आणि त्यात वळण. कॅप्टन बार्टन नावाचा एक डावखुरा अधिकारी क्लबात गोलंदाजी करी. त्याची सहज, डौलदार लकब पाहून पाहून बाळूंनी आपली गोलंदाजी घडवली. त्यांना कुणी हाताला धरून शिकवले नाही. ते पाहून शिकले, आणि रोज तासन् तास टाकून शिकले.

त्या क्लबात जे. जी. ग्रेग नावाचा फलंदाज होता. त्या काळच्या हिंदुस्थानातला तो सर्वांत नामांकित गोरा फलंदाज, पुढे इंग्लंडात हँपशायर परगण्याकडूनही खेळला. हा ग्रेग इतरांच्या आधी तासभर मैदानावर येई आणि बाळूंना चेंडू टाकायला लावी. बाळूंनी त्याला बाद केले की दर वेळी तो आठ आणे देई, अशी आठवण सांगितली जाते. महिन्याचा पगार चार रुपये आणि एका बळीला आठ आणे! आठ वेळा साहेबाचा बळी घेतला की महिन्याचा पगार सुटला. हा हिशेब वाचताना मला प्रथम हसू आले आणि मग आले नाही. कारण त्याच हकिकतीचा दुसरा भाग असा, की पूना क्लबात बाळूंनी इतकी वर्षे हजारो चेंडू टाकले, पण एकदाही त्यांच्या हाती बॅट दिली गेली नाही. फलंदाजी हे साहेबांचे काम. घाम गाळायचे काम नोकरांचे. खेळातही वरचे आणि खालचे असते, हे बाळूंना फार लवकर कळले असले पाहिजे.

पुण्यातल्या हिंदू क्रिकेट क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते. ग्रेगला रोज बाद करणारा माणूस शहरात आहे, हे सर्वांना ठाऊक होते. पण तो अस्पृश्य जातीचा. त्याला संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला. क्लबातले काही तेलुगू सदस्य घ्यावे म्हणाले. स्थानिक ब्राह्मण-मराठा सदस्यांपैकी काहींचा विरोध होता. ग्रेगने आपले मत उघडपणे सांगितले, की असा गोलंदाज बाहेर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. शेवटी जिंकण्याची इच्छा बलवत्तर ठरली आणि एक तडजोड निघाली.

ती तडजोड नीट पाहावी अशी आहे. मैदानावर बाळूंनी फेकलेला चेंडू सर्वांनी हाताळायचा. तेथे विटाळ नाही. पण चहाची वेळ झाली की बाकीचे मंडपात बसून कपातून चहा पिणार, आणि बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळणार. ते भांडे नंतर फेकून द्यायचे. तोंड धुवायला पाणी हवे, तर तेही त्यांच्याच सारख्या एखाद्या अस्पृश्य नोकराने बाहेर आणून ओतायचे. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या मेजावर. ज्या हातातून आलेला झेल टिपायला सारे धावत, त्याच हाताने धरलेले भांडे फोडून टाकण्याचे ठरलेले होते. हे पुण्यातल्या शिकल्यासवरल्या लोकांनी ठरवलेले होते.

यानंतरची एक हकिकत आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात लिहून ठेवावी अशी आहे. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. संस्थान विलीन झाल्यावर आपण सातारा जिल्ह्यात आलो आणि मग दक्षिण साताऱ्यात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात. त्यामुळे सातारा आपल्याला परका नाही. त्या साताऱ्यात गोऱ्यांचा एक जिमखाना होता. पुण्याच्या हिंदू संघाने पुण्याच्या साहेबांना हरवल्याची बातमी तेथे पोहोचली, आणि या संघाला सामन्याचे आमंत्रण गेले. बाळूंच्या फिरकीची धास्ती अशी, की साताऱ्याच्या साहेबांनी मैदानावरच्या माणसांना आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवायला लावले. खेळपट्टी टणक आणि गुळगुळीत झाली म्हणजे चेंडू वळणार नाही, असा हिशेब. त्या टणक खेळपट्टीवर बाळूंनी सात गडी बाद केले आणि हिंदू संघ सामना जिंकला.

रोलर ओढल्याने खेळपट्टीला काय होते, हे त्या मैदानावर बाळूंइतके कुणाला ठाऊक असणार? मला ही हकिकत वाचताना साताऱ्याचे ते नाव नसलेले माळी आठवतात. आठवडाभर उन्हात रोलर ओढून त्यांनी जो मार्ग बंद करायचा, तो त्यांच्याच कामातून वर आलेल्या माणसाने उघडला. त्या दिवशी त्यांना काय वाटले असेल?

संघ पुण्याला परतला तेव्हा जाहीर सत्कार झाला. त्या सभेत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंच्या गळ्यात हार घातला आणि ज्याच्याबरोबर आपण खेळतो त्याच्याबरोबर खाण्यापिण्याला हरकत घेणे कसे विसंगत आहे, हे सुचवले. पुढे एका सभेत लोकमान्य टिळकांनीही बाळूंचा गौरव केला. सुधारक आणि राष्ट्रवादी या दोन्ही गोटांतल्या प्रमुखांनी एका चर्मकार तरुणाला मान दिला, ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची गोष्ट आहे. तिचे मोल कमी लेखू नये.

पुण्यात 1896-97 मध्ये प्लेगने कहर केला. याच सुमारास बाळूंचे कुटुंब मुंबईला आले. मुंबईत परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने त्यांना घेतले. तेथेही काही सदस्यांची कुरकुर झाली, पण जिमखान्याच्या कर्णधाराने ती चालू दिली नाही. उदरनिर्वाहासाठी बाळूंनी रेल्वेत नोकरी धरली. मुंबई हे पुण्यापेक्षा मोकळे शहर. चाळी, गिरण्या, आगगाड्या यांनी माणसे शेजारी शेजारी बसवली होती. जिमखान्यातही बाळू इतरांबरोबर बसून जेवू लागले.

मुंबईत त्या वेळी युरोपियन आणि पारशी यांचे सामने गाजत. हिंदूंना त्यात प्रवेश नव्हता. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदू संघ युरोपियनांविरुद्ध प्रथमच उतरला. बाळू तेव्हा तिशीचे झाले होते. आज तिशीला कित्येक खेळाडू निवृत्तीचा विचार करतात. बाळूंची प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधली सुरुवातच या वयात झाली. हिंदूंनी 242 आणि 160 धावा केल्या. युरोपियनांनी 191 आणि 102. हिंदू 109 धावांनी जिंकले. बाळू आणि शिवराम हे दोघेही भाऊ या संघात होते. बंगालच्या फाळणीनंतरचे, स्वदेशीच्या चळवळीचे ते दिवस. साहेबाला त्याच्याच खेळात हरवल्याचा आनंद क्रिकेट न कळणाऱ्यांनाही झाला. पण 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या मुंबईच्या साप्ताहिकाने त्या विजयाकडे वेगळ्या नजरेने पाहिले. पुण्यात ज्यांना मंडपाबाहेर चहा मिळाला, ते बंधू मुंबईत सर्वांबरोबर जेवले आणि सर्वांबरोबर जिंकले, हा खरा विजय आहे, असा त्या लेखाचा आशय होता. जातिभेद टाकला तर बळ येते, हे एका सामन्याने दाखवले होते.

1907 पासून हे सामने तिरंगी झाले आणि 1912 मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर चौरंगी. तेव्हा संघ धर्माच्या नावाने बनत, हे आज आपल्याला खटकते, आणि खटकायलाच हवे. पुढे या प्रथेविरुद्ध आवाज उठला आणि 1946 नंतर ती बंदच पडली. पण बाळूंच्या दृष्टीने त्या नावाला आणखी एक अर्थ होता. ज्या हिंदूंच्या नावाने ते मैदानावर उतरत, त्यांच्या देवळात त्यांना जाता येत नव्हते.

1911 साली हिंदुस्थानचा पहिला सर्वजातीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. महाराजांचा बराच वेळ बादशहाच्या राज्यारोहणाच्या समारंभात आणि मेजवान्यांत गेला. संघ बेताचाच होता. प्रथम दर्जाच्या चौदा सामन्यांपैकी दोनच जिंकले, दहा हरले. त्या पराभवाच्या मालिकेत एक माणूस उभा राहिला. पस्तिशीचे, दुखऱ्या खांद्याचे बाळू दिवसेंदिवस एका बाजूने गोलंदाजी करीत राहिले. सर्व सामने मिळून त्यांनी 114 गडी बाद केले, सरासरी 18.84. त्यांपैकी 75 बळी प्रथम दर्जाच्या सामन्यांतले. एका डावात 103 धावांत 8 बळी ही त्यांची प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधली सर्वोत्तम कामगिरी. इंग्लंडच्या जाणकारांनी त्यांची तुलना आपल्या विल्फ्रेड ऱ्होड्सशी केली. जे दोन सामने जिंकले ते लीस्टरशायर आणि सॉमरसेट या परगण्यांविरुद्ध, आणि सॉमरसेटविरुद्धच्या विजयात शिवराम यांनी नाबाद शतक ठोकले. चार रुपयांवर साहेबांना सराव देणाऱ्या पोऱ्याला आता साहेबांच्या देशात लोक तिकीट काढून पाहायला येत होते.

ते परतले तेव्हा मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सभेत मानपत्र सादर करणारा तरुण एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होता. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. बाबासाहेबांच्या सार्वजनिक जीवनातला हा अगदी पहिल्यांपैकी एक प्रसंग. आपल्यापैकी कुणीतरी जगापुढे उभे राहू शकतो, हे त्या वेळी मुंबईच्या चाळींतून पाहायचे झाले, तर ते बाळूंकडे बोट दाखवूनच दाखवता येत होते. आमच्या आटपाडीत जन्मलेले शंकरराव खरात यांचे 'तराळ अंतराळ' आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले आहे. खरातांचा जन्म 1921 चा. त्यांच्या बालपणातली आटपाडी ज्यांनी त्या पुस्तकात पाहिली, त्यांना 1911 सालच्या त्या सत्काराचे मोल वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता कर्णधारपदाची गोष्ट. 1911 नंतर हिंदू संघात बाळूंइतका मोठा, अनुभवी खेळाडू कुणी नव्हता. दर वर्षी चौरंगी सामने आले, की त्यांना कर्णधार करावे, असे कुणीतरी सुचवी. दर वर्षी ते बाजूला सारले जाई. 1913 मध्ये कर्णधार झालेले एम. डी. पई मोकळ्या मनाचे गृहस्थ. स्वतःच्या सत्काराच्या सभेत त्यांनी सांगितले, की हा मान खरे तर आपले मित्र बाळू यांचा आहे. कर्णधाराने उघड कबुली दिली, तरी निर्णय करणाऱ्यांचे मन बदलले नाही. गोलंदाज म्हणून हुकूम पाळणारा बाळू चालतो. उच्चवर्णीय दहा जणांना हुकूम देणारा बाळू चालत नाही. चहाच्या मातीच्या भांड्याचेच हे दुसरे रूप होते, फक्त ते आता दिसत नव्हते.

1920 साल उजाडले. त्या वर्षी चार भावांतले तिसरे, गणपत, हे अकाली वारले होते. गणपतही चांगले खेळाडू. सामन्यांच्या वेळी पई आजारी होते, म्हणून कर्णधारपद रिकामे झाले. बाळूंना तर संघातूनच वगळले. विठ्ठल तेव्हा ऐन भरात होते, पण निवड समितीने पुण्याचे देवधर यांना कर्णधार केले. देवधर थोर खेळाडू होते, त्याविषयी कुणाचे दुमत नाही. प्रश्न त्यांचा नव्हताच. शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली आणि वर्तमानपत्रांतून निवेदन प्रसिद्ध करून कारणही सांगितले, की आम्हांला डावलण्यामागे आमची जात आहे. त्या काळी दोन अस्पृश्य खेळाडूंनी हिंदू जिमखान्याला असे जाहीर उत्तर देणे म्हणजे काय धाडस होते, याची कल्पना आज पुरती येणार नाही. घरात नुकताच एक भाऊ गेलेला, दुसऱ्याची कारकीर्द संपत आलेली, आणि आपल्या स्वतःच्या कारकिर्दीचा त्यांनी पणाला लावलेला डाव.

लोकमत त्यांच्या बाजूने वळले. देशात गांधीजींची असहकाराची हाक घुमत होती आणि अस्पृश्यता हा राष्ट्रीय कलंक आहे, असे काँग्रेस नुकतेच बोलू लागली होती. पई बरे होऊन आले. अंतिम सामन्यासाठी बाळूंना परत बोलावून उपकर्णधार केले गेले आणि भाऊ संघात परतले. सामन्यात पई काही वेळ मैदान सोडून गेले. तेवढा वेळ बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. तीस वर्षे क्रिकेटची सेवा केलेल्या माणसाच्या वाट्याला आलेले कर्णधारपद एवढेच. त्यानंतर ते मोठे सामने खेळले नाहीत. प्रथम दर्जाच्या 33 सामन्यांत 179 बळी, सरासरी 15.21, असा त्यांचा हिशेब मिटला. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना 1932 साली झाला, तेव्हा ते पन्नाशी ओलांडून गेले होते.

पण त्या माघारीने दार किलकिले झाले होते. 1923 मध्ये विठ्ठल यांना हिंदू संघाचे कर्णधार केले गेले, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली चार वर्षांत तीन वेळा हिंदूंनी अजिंक्यपद मिळवले. 1923 च्या विजयानंतर प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरवले. ज्यांच्या स्पर्शाचा विटाळ मानला जात होता, त्यांना सवर्ण तरुणांनी आपल्या खांद्यावर घेतले.

येथे मला थांबून विचार करावा लागला. बाळूंनी वीस वर्षे अप्रतिम गोलंदाजी केली. गुणांनी माणूस पुढे येतो, असे आपण भाषणांत म्हणतो. बाळू गुणांनी मैदानापर्यंत आले, हे खरे. पण मैदानापलीकडे जो हक्क होता, तो 179 बळींनी मिळाला नाही. तो मिळाला दोन भावांनी एके दिवशी खेळायला नकार दिला तेव्हा. गुण हवेतच, त्यांच्यावाचून नकाराला कुणी किंमत दिली नसती. पण गुण सिद्ध करीत राहण्यालाही एक मर्यादा असते, आणि ती कोठे संपते हे ओळखणे ही वेगळी कला आहे. पालवणकर बंधूंच्या चरित्रातून मी हे शिकलो.

आता या चरित्राचा तो भाग, ज्यामुळे हा लेख लिहू नये असे मला सांगण्यात आले. आमच्या वस्तीवरच्या एका वडीलधाऱ्या आजोबांना मी बाळूंविषयी सांगत होतो. ते मन लावून ऐकत होते. मग त्यांनी मध्येच विचारले, की बाबासाहेबांच्या विरुद्ध निवडणुकीला उभा राहिलेला तो हाच ना? मी हो म्हटले. आजोबा उठून गेले.

ती गोष्ट खरी आहे. क्रिकेट सुटल्यावर बाळू सार्वजनिक कामात पडले. 1932 साली स्वतंत्र मतदारसंघाचा प्रश्न पेटला, तेव्हा ते एम. सी. राजा यांच्यासारख्या संयुक्त मतदारसंघाच्या बाजूच्या नेत्यांबरोबर होते. 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. पुढे हिंदू महासभेच्या तिकिटावर ते मुंबई महापालिकेची निवडणूक लढले आणि हरले. 1937 साली मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना स्वतंत्र मजूर पक्षाचे डॉ. आंबेडकर यांच्यासमोर उभे केले. बाबासाहेबांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. ज्या तरुणाने पंचवीस वर्षांपूर्वी मानपत्र वाचले, त्याने त्यांना हरवले.

बाळूंची बाजू घ्यावी, असे मला वाटत नाही. बाबासाहेब त्या निवडणुकीत जिंकले नसते, तर केवढे नुकसान झाले असते, हे आम्हांला माहीत आहे. पण बाळू त्या बाजूला का गेले असावेत, हे समजून घेता येते. त्यांच्या आयुष्यात जे जे चांगले घडले, ते एकाच संघात खेळून घडले होते. रानड्यांचा हार, पईंची मैत्री, मुंबईतली एकत्र पंगत, विठ्ठलला खांद्यावर घेणारे प्रेक्षक. वेगळे होऊन नव्हे, आत राहून दार उघडते, असा त्यांचा अनुभव. आणि त्याच आयुष्याचा दुसरा अर्धा भाग, ते मातीचे भांडे आणि कधीच न मिळालेले कर्णधारपद, बाबासाहेबांच्या बाजूने साक्ष देत होता. एकाच माणसाच्या चरित्रात दोन्ही पुरावे होते. त्यांनी एक उचलला. मला स्वतःला 1920 सालचे शिवराम आणि विठ्ठल यांचे निवेदन बाबासाहेबांच्या मार्गाच्या अधिक जवळचे वाटते. पण ज्याने मैदानावर येऊन पहिल्यांदा चेंडू हाती घेतला, त्याच्यामुळेच त्या भावांना नकार देण्याजोगी जागा मिळाली, हेही विसरता येत नाही.

बाळू 4 जुलै 1955 रोजी मुंबईत वारले. अंत्ययात्रेला जुने क्रिकेटपटू होते आणि दलित चळवळीतली माणसेही होती. पुढच्या काळात खेळाची मासिके निघाली, विक्रमांची पुस्तके निघाली, पण कसोटीच्या आधीचा हा गोलंदाज त्यांत कुठेतरी एका ओळीत राहिला.

त्या आजोबांकडे मी परत गेलो होतो. पूना क्लबातला रोलर, साताऱ्याची खेळपट्टी, मंडपाबाहेरचा चहा, हे सारे पुन्हा पहिल्यापासून सांगितले. ते काही बोलले नाहीत. निघताना त्यांनी एवढेच विचारले, की त्या साताऱ्याच्या सामन्यात किती गडी बाद केले होते म्हणालास. मी सात म्हणून सांगितले. त्यांनी मान हलवली.

या अंकाच्या मागच्या पानांवर दर वर्षी आपल्या संघांची छायाचित्रे असतात. खेळाडू ओळीत उभे, पुढे खुर्च्यांवर प्राध्यापक, मध्ये करंडक. ज्यांनी मैदान तयार केले ते त्यात नसतात, आणि मैदानावरचे शिपाईमामा तर कधीच नसतात. हे काही कुणी मुद्दाम करीत नाही. तशी पद्धत पडली आहे, एवढेच. पुण्याच्या त्या क्लबातही चहाची पद्धतच पडलेली होती. जिमखाना समितीला माझी नम्र सूचना आहे, की पुढच्या वर्षीच्या छायाचित्रात शिपाईमामांसाठी प्राध्यापकांच्या ओळीत एक खुर्ची ठेवावी. खेळपट्टीवर रोलर ओढायला आम्ही आहोतच.